पेट्रोलमधलं शिसं: एका टकटकीची किंमत

हेडफोन लावलेत? चला, सुरू करूया.

लहानपणी मामाच्या जुन्या गाडीतून खंबाटकी घाट चढताना बॉनेटखालून टकटक, टकटक असा आवाज यायचा. मामा म्हणायचा, "नॉकिंग करतेय गं," आणि खालचा गिअर टाकायचा. या टकटकीमागे केवढा इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळलं. आजचा भाग त्याच्यावरच.

आधी थोडी केमिस्ट्री. घाबरू नका! पेट्रोलच्या रेणूंमध्ये मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन असतात. हवेतला ऑक्सिजन मिळाला आणि ठिणगी पडली, की त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. यात भरपूर उष्णता बाहेर पडते, वायू फुगतो आणि पिस्टनला ढकलतो. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. जर्मनीच्या निकोलाउस ओट्टोनं १८७६ मध्ये हे काम चार टप्प्यांत बसवलं: मिश्रण आत घ्या, दाबा, पेटवा, धूर बाहेर टाका. आजची पेट्रोल गाडीही हेच करते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा जाळ होतो.

आता गंमत बघा. मिश्रण जितकं जास्त दाबाल, तितकं त्याच पेट्रोलमधून जास्त काम मिळतं. पण फार दाबलं की ते तापतं. मग ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. तीच ती टकटक. ताकद वाया जाते, पिस्टनही खराब होऊ शकतो. १९२० च्या आसपास अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांची हीच मोठी डोकेदुखी होती.

९ डिसेंबर १९२१. ओहायोमधल्या डेटन शहरात, जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड घालून पाहिलं. म्हणजे शिशाचं एक संयुग. हजारात एक भागापेक्षाही कमी, आणि टकटक गायब!

पण उपाय तेवढा एकच नव्हता, बरं का. अल्कोहोल म्हणजे इथेनॉल मिसळलं तरी नॉकिंग थांबतं, हे याच लोकांना माहीत होतं. अडचण अशी, की इथेनॉल खूप जास्त घालावं लागतं, आणि ते कुणीही गाळू शकतं. त्याचं पेटंट कोण देणार? शिशाच्या वापराचं पेटंट मात्र घेता आलं. १९२३ मध्ये हे पेट्रोल विकायला आलं. नाव ठेवलं 'एथिल'. नावात शिसं कुठेच नाही!

शिसं विषारी आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, असं समजू नका. ते शतकानुशतकं माहीत होतं. १९२३ च्या सुरुवातीला खुद्द मिजलींनाच शिशाची बाधा झाली होती. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या रिफायनरीत हे रसायन बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. त्यानंतर मिजलींनी पत्रकारांसमोर त्याच रसायनानं हात धुतले आणि मिनिटभर वास घेऊन दाखवला. १९२५ च्या सरकारी परिषदेत डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी ठाम विरोध केला. तरी विक्री पुन्हा सुरू झाली आणि हे पेट्रोल जगभर पसरलं.

पुढची अनेक दशकं धुराड्यातून शिसं बाहेर पडत राहिलं. रस्त्यावरच्या धुळीत, श्वासात, रक्तात. सर्वांत जास्त धोका लहान मुलांना, कारण शिसं वाढत्या मेंदूवर घाव घालतं. क्लेअर पॅटरसन हे शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय मोजत होते. दगडातलं शिसं मोजताना प्रत्येक नमुन्यात बाहेरचं शिसं घुसतंय, हे त्यांच्या लक्षात आलं. हे प्रदूषण माणसानं केलंय, असं त्यांनी १९६५ मध्ये जाहीरपणे मांडलं आणि या उद्योगाचा रोष ओढवून घेतला.

भारतात शिसंयुक्त पेट्रोल देशभर बंद झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये. म्हणजे तुमचे आईबाबा शाळेत चालत जायचे, तेव्हा शेजारून जाणाऱ्या स्कूटरच्या धुरात शिसं होतं. मामाच्या गाडीत आम्हीही तेच जाळत होतो. गाड्यांसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये थांबलं. शंभर वर्षं लागली!

आणि आज? पंपावर आपण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल भरतो. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांच्या भागातून येतं. त्याच्या मायलेजवरून, उसाला लागणाऱ्या पाण्यावरून वाद आहेत, आणि ते व्हायलाच हवेत. पण टकटक थांबवणारा तो जुना उपाय हाच होता.

म्हणून मला वाटतं, नवं काही बाजारात आलं की "चालतंय का?" एवढंच विचारून भागत नाही. "दुसरा उपाय होता का, आणि तो कुणी बाजूला सारला?" हेही विचारायला हवं.

तुमच्या घरी कुणी जुनी गाडी चालवली असेल, तर आज त्यांना त्या टकटकीबद्दल नक्की विचारा. भेटू पुढच्या भागात!