दर्शनी भिंतीची किंमत कोण ठरवतं?

घर विकायला काढलं की आधी रंगारी बोलावला जातो. फाटक घासून रंगवतात, अंगणातलं गवत काढतात, तडकलेली पायरी नवी करून घेतात. अमेरिकेत याला 'कर्ब अपील' म्हणतात. रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिल्यावर घराचं जे रूप नजरेत भरतं, ते. यावर सल्ले देणारे लेख ढिगाने मिळतील. पण तुम्ही संशोधनाच्या वाटेवर असाल तर हा विषय किरकोळ समजून सोडू नका. त्यात एक खरा ऐतिहासिक प्रश्न दडलेला आहे: या रूपाची किंमत ठरवतं कोण? आज तो प्रश्न अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात नेऊन तपासू.

बाल्टिमोर हे विटांच्या, एकाला एक लागून असलेल्या घरांचं शहर. बाजूच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, त्यामुळे मालकाला मिरवायला उरते ती फक्त पुढची भिंत. अनेक घरांची वीट मऊ असल्याने तीही वरचेवर रंगवावी लागे. १९३७ साली तिथल्या आल्बर्ट नाइट यांनी 'फॉर्मस्टोन'चं पेटंट घेतलं. सिमेंटचे थर विटांवर चढवायचे आणि त्यांना घडीव दगडासारखा आकार नि रंग द्यायचा. रंगकामाची कटकट संपली आणि घर दगडी दिसू लागलं! कामगारांच्या वस्त्यांत गल्लीच्या गल्ल्या फॉर्मस्टोनने झाकल्या गेल्या. सरकारचं धोरणही घर नटवण्याच्या बाजूचं होतं. १९३४ च्या राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्याने घरदुरुस्तीसाठी बँकांनी दिलेल्या कर्जांना विमा मिळाला, त्यामुळे घराचं तोंड हप्त्यांवर बदलणं सोपं झालं.

इथवर वाचून वाटेल, किंमत मालकाच्याच हातात आहे. मेहनत करा, भिंत सजवा, भाव वाढवा. आता दुसरं साधन समोर ठेवू.

त्याच १९३७ साली होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने बाल्टिमोरचा नकाशा केला. त्यात वस्त्यांना चार रंग दिले होते: हिरवा, निळा, पिवळा आणि लाल. लाल म्हणजे कर्जाच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याची वस्ती. अशा नकाशांसोबत प्रत्येक वस्तीचा एक छापील फॉर्म असे. तो शांतपणे वाचा. इमारतींचा प्रकार, बांधकाम, वय, दुरुस्तीची अवस्था, असे रकाने आहेत. पण त्याच कागदावर रहिवाशांचेही रकाने आहेत: परदेशात जन्मलेले किती, कृष्णवर्णीय किती, आणि कोणाची 'घुसखोरी' होते आहे. घराची डागडुजी आणि शेजाऱ्याचा वर्ण एकाच कागदावर तोलले जात होते.

फेडरल हाऊसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनची १९३८ ची नियमपुस्तिका तर थेट गुण वाटते. घर ज्या जागी आहे तिच्या मूल्यमापनात आर्थिक स्थैर्याला ४० टक्के, 'प्रतिकूल प्रभावांपासून संरक्षणा'ला २० टक्के आणि आकर्षकतेला अवघे १० टक्के. 'प्रतिकूल प्रभाव' या सभ्य शब्दांत वेगळ्या वंशाचे लोक शेजारी राहायला येणं हेही मोडत होतं. म्हणजे साऱ्या गल्लीने मिळून घरं चकचकीत केली, तरी वरचे २० गुण त्यांच्या हातात नव्हते.

याचा परिणाम पाहायचा तर बाल्टिमोरच्या पश्चिमेकडच्या एडमंडसन व्हिलेज या भागाकडे वळा. एडवर्ड ऑर्सर यांचं १९९४ चं पुस्तक याच भागावर आहे. १९५५ ते १९६५ या दहा वर्षांत इथली जवळजवळ सगळी गोरी वस्ती निघून गेली आणि कृष्णवर्णीय कुटुंबं आली. मधल्या दलालांनी गोऱ्या मालकांना 'आता भाव पडणार' अशी भीती घातली, घरं स्वस्तात घेतली आणि तीच घरं कृष्णवर्णीयांना चढ्या भावाने विकली. अनेकांना बँकेचं साधं कर्ज मिळत नसल्याने करारावर घर घ्यावं लागे. त्यात हप्ते फिटत येईपर्यंत मालकी विकणाऱ्याकडेच राही, आणि हप्ते थकले तर घर नि भरलेले पैसे दोन्ही जाण्याची भीती. या व्यवहारात ओसरी तीच, वीट तीच, दारापुढचं हिरवळीचं चौकोनी तुकडंही तेच. बदलला तो फक्त घेणारा, आणि एकाच घराला दोन किमती लागल्या.

इथे एक धोक्याचं वळण आहे. लाल रंगाचा नकाशा हाती आला की 'नकाशामुळेच हे सगळं झालं' असं लिहून टाकायचा मोह होतो. केनेथ जॅक्सन यांच्या १९८५ च्या पुस्तकाने या नकाशांकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. पुढे एमी हिलियर यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवलं की या संस्थेची बहुतेक कर्जं नकाशे होण्याआधीच दिली गेली होती आणि नकाशे फार लोकांपर्यंत पोचलेही नव्हते. मग नकाशा निरुपयोगी ठरतो का? मुळीच नाही. तो भेदभावाचं एकमेव कारण नसेल, पण त्या काळचे दलाल, बँकवाले आणि मूल्यांकन करणारे घराकडे कोणत्या नजरेने पाहत होते याचा तो पक्का पुरावा आहे. कारण आणि पुरावा यांतला हा फरक प्रबंध लिहिताना सतत लागतो.

आणि फॉर्मस्टोनचं पुढे काय झालं? काही दशकांनी जुन्या वस्त्यांत पैसेवाले रहिवासी येऊ लागले तेव्हा त्यांना मूळची वीट हवी झाली. एकेकाळी घर देखणं व्हावं म्हणून चढवलेला थर आता घर देखणं व्हावं म्हणूनच खरवडून काढला जातो. भिंत एकच, बघणारे डोळे बदलले.

म्हणून उद्या तुमच्यासमोर जुन्या घराचा फोटो, विक्रीची जाहिरात किंवा मूल्यांकनाचा कागद आला, तर घर कसं दिसतं एवढंच टिपून थांबू नका. समोर उभं राहून पाहणारा कोण आहे, त्याच्या हातातल्या फॉर्मवर कोणते रकाने आहेत आणि त्यातला कोणता रकाना रंगाच्या डब्याने बदलण्यासारखा नाही, हेही लिहून ठेवा. बरेचदा प्रबंधाचा विषय त्या शेवटच्या रकान्यातच सापडतो.