धोटा, पावती आणि जमीन

गिरणगावाचा इतिहास लिहिणारे १८५४ पासून सुरू करतात. त्या साली दावरशेटनं ताडदेवला पहिली कापडगिरणी काढली. मी धोट्यापासून सुरू करतो.

धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धागा तोंडानं ओढून भोकातून काढायचा. आमची थुंकी लागलेला धागा सवर्ण विणकराला चालत नव्हता. म्हणून विणाईखातं आम्हाला बंद. आणि जादा पगार तिथंच. माझा पणजा रिंगखात्यात झिजून मेला. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हे दार उघडा म्हणून मागणी लावून धरली. मालकाचा जुलूम दिसणाऱ्या लाल बावट्याला हे बंद दार दिसत नव्हतं.

१८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले. आज्जा त्यातलाच. संप रीतसर मिटला नाही, गिरण्या मात्र मिटल्या. मग जमिनीला भाव आला. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते: एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ ला नियम फिरवला. वाटे फक्त रिकाम्या जमिनीचे, शेडखालची जमीन मालकाची. २००६ ला सुप्रीम कोर्टानं तेच कायम केलं. चिमणीखाली मॉल आले, टॉवर आले.

कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली २०१२ ला. अर्ज दीड लाखाच्या घरात, घरं त्याच्या पावभागही नाहीत. आज्जाचा अर्जच नव्हता. तो बदली कामगार, कागद काही उरला नव्हता. खोलीत तीस वर्षं पोटभाडेकरू. चाळ पडली, घर पावतीवाल्याला मिळालं. आज्जी म्हणायची, "भाडं आमी भरलं, पावती त्येच्या नावाची." ज्यांना टॉवरात घर मिळालं, त्यातले कितीतरी महिन्याचा मेंटेनन्स झेपेना म्हणून विकून बदलापूर-विरारला गेले.

आम्ही भिवंडीला आलो. इथं मी माग चालवतो. विणाईत शिरलेला आमच्या घरातला मी पहिला. धोटा हातात आला तेव्हा पायाखालचं परळ गेलं होतं.

म्हणून सांगतो, घरातली तिकिटं, हजेरीकार्डं, पावत्या जपून ठेवा. आणि ज्याच्याकडं कागद नाही, त्याचं तोंडी ऐकून लिहून काढा. कागद नव्हता म्हणून आज्जा गिरणीत नव्हताच, असं कुणी म्हणू नये.