जाळ्याचे शिसे आणि घरची चूल
अंधेरीच्या पश्चिमेला समुद्राकाठी वेसाव्याचा कोळीवाडा आहे. पूर्वी जाळी सुताची, तागाची असत. विसाव्या शतकात नायलॉन आले, सूत मागे पडले. शिसे मात्र टिकले. पाग फेकला की त्याची कड तळाला बसायला शिसेच लागते. हौशी मंडळी तर गळाच्या डोक्यावर शिसे ओतून त्यात रबराची मासळी अडकवतात. ते ३२७ अंशांवरच वितळते, म्हणजे घरच्या चुलीवरसुद्धा! घात इथेच आहे. त्याची वाफ, धूळ ओट्यावर, भांड्यांवर बसते. पोटातल्या बाळाला, लहानग्यांच्या मेंदूला बाधते. पेट्रोलमधले शिसे देशात २००० साली थांबले. चुलीवरचे कोण थांबवणार? शिसे वितळवलेल्या कढईत पुन्हा कालवण करू नका, बायांनो. घासूनही ते पुरते जात नाही.