शिपायाचें नांव

शिरूर आणि दौंड हे पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके. घोड आणि भीमा या नद्यांच्या कांठचा हा मुलूख पावसाच्या बाबतींत जितका कृपण, तितकाच शिपायांच्या बाबतींत उदार. शिरूर येथें कंपनी सरकारची लष्करी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं तेथून निघालेली पलटण दुसऱ्या दिवशीं कोरेगांव येथें पेशव्यांच्या फौजेशीं लढली. त्या लढाईच्या स्मरणार्थ कंपनीनें भीमेकांठीं उभारलेल्या स्तंभावर, तिच्या बाजूनें पडलेल्या साध्या शिपायांचींहि नांवें कोरलेलीं आहेत. ही रीत पुढें सर्वत्र पाळली गेली नाहीं.

१९१४ सालीं ‘पुणें डिव्हिजन’ या नांवानें ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन मेसापोटेमियांत उतरली. तींत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कूत-अल-अमारा येथें सुमारें पांच महिने वेढा सोसून, अन्न संपल्यावर, २९ एप्रिल १९१६ रोजीं या सेनेनें तुर्कांपुढें शस्त्रें ठेवलीं. मेसापोटेमियांत पडलेल्या ज्या सैनिकांस थडगेंहि लाभलें नाहीं, त्यांच्यासाठीं १९२९ सालीं बसरा येथें स्मारक झालें. परंतु त्यावर हिंदी अधिकाऱ्यांचीं तेवढीं नांवें आलीं; साध्या हिंदी शिपायांची पलटणवार संख्याच कोरली गेली.

अशा संख्येमागें केवढें माणूस दडलेलें असतें, हें समजण्यास नांवानिशीं स्मरणांत राहिलेल्या एका मराठा शिपायाकडे पाहावें. नाईक यशवंत घाडगे हे कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचे. दुसऱ्या महायुद्धांत ते पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींत होते. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत शत्रूच्या मशीनगननें त्यांच्या तुकडींतील इतर सर्वांस ठार किंवा जखमी केलें. घाडगे एकटेच त्या मोर्चावर धांवून गेले. हातबाँब टाकून त्यांनीं मशीनगन बंद पाडली आणि टॉमीगननें एकास टिपलें. पुन्हा गोळ्या भरण्यास अवसर नव्हता. तेव्हां तीच बंदूक नळीकडून धरून त्यांनीं उरलेल्या दोघांस लोळविलें. इतक्यांत दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तेथेंच पडले. वय अवघें २२ वर्षांचें.

त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मात्र त्यांच्या थडग्याचा ठाव लागला नाहीं. कॅसिनो येथें, थडगें अज्ञात असलेल्या ४,००० हून अधिक सैनिकांच्या स्मारकावर, त्यांचें नांव आहे. माणगांवीं त्यांचा पुतळा आहे. आणि २०२३ सालीं टायबरच्या खोऱ्यांतील मोंतोने गांवीं त्यांच्या नांवानें एक छायाघटिका उभारण्यांत आली. ‘सारे एकाच सूर्याखालीं’, असा तिच्यावरील लॅटिन वचनाचा आशय आहे. ज्या गांवांशीं घाडग्यांचें कसलेंहि नातें नव्हतें, तेथील लोकांनीं ७९ वर्षांनीं त्यांची आठवण ठेवली.

क्रॉस क्वचित् एखाद्यास मिळतो. नांव प्रत्येकास असतें. घोड-भीमेकांठच्या ज्या घरांत जुनें पदक किंवा पेन्शनीचा कागद ट्रंकेच्या तळाशीं जपलेला असेल, त्या घरच्या शिपायाचें नांव गांवच्या शाळेच्या भिंतीवर लिहावयास फार मोठा खर्च नाहीं. बसऱ्याच्या दगडावर जो केवळ एक आंकडा राहिला, तो त्या भिंतीवर पुन्हा कोणाचा तरी मुलगा होईल.