देवळालीची संख्या, कोलंबियाचं नाव

जून २०२५मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात ॲलन ट्युरिंगच्या 'कम्प्युटेबल नंबर्स'वरच्या निबंधाची सुटी प्रत २ लाख ८ हजार पौंडांना गेली. आपल्या हिशेबात दोन कोटींच्या वर. पूर्वी नियतकालिकात निबंध आला की तेवढीच पानं वेगळी शिवून लेखकाला थोड्या प्रती मिळत आणि तो त्या ओळखीच्यांना वाटे. ट्युरिंगची ही प्रत त्याच्या आईने त्याच्या एका मित्राला दिली आणि पुढे ती त्या मित्राच्या नातेवाइकांच्या माळ्यावर पडून राहिली. ती श्रेडरमध्ये जाता जाता वाचली.

गणितातल्या गाजलेल्या निबंधांची पहिली छपाई जमवणारे लोक जगभर आहेत. मीही जमवतो, पण आमचं गाव कामठा, जिल्हा गोंदिया, आणि पगार सॉफ्टवेअर इंजिनिअरचा. ट्युरिंग परवडत नाही. मी शोधतो ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं छापील साहित्य. आईचा प्रश्न ठरलेला असतो: "फोनवर फुकट भेटते ना ते, मग कागद कायले पाहिजे?"

कापरेकरांचा जन्म १९०५चा, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये असताना, १९२७ साली, त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ला मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली आणि मग १९६२पर्यंत देवळालीत शाळामास्तरकी. डॉक्टरेट नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या घेतल्या. अशा माणसाचं संशोधन नामांकित नियतकालिकांत कितीसं येणार? त्यामुळे बरंचसं त्यांनी स्वतःच पुस्तिका काढून छापलं. १९४८ची 'डेम्लो नंबर्स' ही त्यातलीच एक. डेम्लो म्हणजे आपलं डोंबिवली स्टेशन. लोकलसाठी ताटकळताना आपल्याला काय सुचतं ते सोडा, यांना तिथे संख्यांचा एक अख्खा गट सुचला.

पण मला सगळ्यात जास्त हवी आहे ती १९६३ची 'द मॅथेमॅटिक्स ऑफ द न्यू सेल्फ नंबर्स'. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ घेतली तर २१ + २ + १ = २४. म्हणजे २४ ही २१पासून जन्मली. आता २० घ्या. कुठल्या संख्येपासून २० जन्मते? कुठल्याच नाही. १, ३, ५, ७, ९ आणि मग २०, ३१, ४२ अशा या बिनआईबापाच्या संख्या. कापरेकरांचा शब्द आपल्याला चटकन कळणारा होता: स्वयंभू.

१९७०च्या दशकात कोलंबियाच्या बर्नार्डो रेकामान यांनी स्वतंत्रपणे हीच कल्पना 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'त कोड्याच्या रूपात मांडली. त्यात त्यांची लबाडी काहीच नाही. देवळालीत निघालेली पुस्तिका बोगोटात कुणाच्या हाती पडणार! पण संख्यांना 'कोलंबियन' हे नाव चिकटलं. पूर्णांकांच्या क्रमिकांचा जो ऑनलाइन कोश आम्ही कोड लिहिणारे रोज उघडतो, त्यात आजही 'सेल्फ ऑर कोलंबियन नंबर्स' असंच लिहिलंय. 'देवळाली संख्या' हे नाव आहे, पण क्वचित कुणी घेतं. दहा वर्षं आधीचा पुरावा म्हणजे ती १९६३ची पुस्तिका. रेपॉझिटरीत पहिला कमिट कुणाचा हे तारखेवरून ठरतं, इथे ती तारीख पुस्तिकेवर छापलेली आहे.

६१७४ची गोष्ट तर तुम्हाला माहीतच असेल. चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. मी कोड चालवून पाहिला: ८९९१ संख्या, आणि प्रत्येक जण जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४वर. ही गंमत न्यूयॉर्कच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका'त आली. पण संदर्भ शोधायला जा, घोळ सुरू. एकीकडे 'खंड १५, १९४९, पृष्ठ २४४-४५', दुसरीकडे 'खंड २१, १९५५, पृष्ठ ३०४', आणि इंटरनेटवर ठिकठिकाणी 'खंड १५, १९५५'! या नियतकालिकाचा पंधरावा खंड १९४९चा. दोन वेगळ्या टिपणांचे संदर्भ कुणीतरी एकात मिसळले आणि पुढच्यांनी ते तसेच कॉपी-पेस्ट केले. शंभर वेबसाइटी एकच चूक सांगत असतील तर शंभर पुरावे होत नाहीत. हे निस्तरायला छापील पानच लागतं, आणि आईला माझं उत्तर तेच असतं.

सध्या माझ्याकडे मार्च १९७५चा 'सायंटिफिक अमेरिकन' आहे, मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मिळालेला. मार्टिन गार्डनरनी त्यातल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि मग हा देवळालीचा मास्तर जगाला कळला. पण ती पहिली छपाई नव्हे, पहिली बातमी. पुस्तिका निघाल्या देवळालीतून. त्या लिलावात नाहीत, कुठल्या तरी निवृत्त मास्तरांच्या ट्रंकेत असतील. नाशिक, देवळालीकडे तुमचं घर असेल आणि आजोबांच्या कागदांत पातळशी, इंग्रजी, आकड्यांनी भरलेली पुस्तिका दिसली, तर रद्दीवाल्याचा काटा यायच्या आधी मुखपृष्ठाचा आणि वर्ष छापलेल्या पानाचा फोटो काढा. पुस्तिका मला नका देऊ हवं तर, पण ठेवा.