घारापुरीचे छापील वाटाडे

दिवाळीच्या सुटीत कुठे जायचे याचा खल घरोघर चालू झाला की, पाठोपाठ कुणीतरी एखादी प्रवास-मार्गदर्शिका पुढे करतो. ‘यात सगळं दिलंय’ असे तो खात्रीने सांगतो. मुलखावरच्या प्रवासात या खात्रीची फारशी परीक्षा होत नाही. पुस्तक चुकले तर पुढच्या नाक्यावर कुणालाही विचारता येते, वाट चुकली तर दुसरी वाट असते. बेटाचे तसे नाही. चहूंकडे पाणी, येणारी लाँच ठरलेली, जाणारी लाँच ठरलेली, आणि मधल्या तीन-चार तासांत पुस्तक जे दाखवील तेवढेच आपण पाहणार. म्हणून छापील वाटाड्याची खरी पारख करायची असेल तर ती बेटावरच करावी.

असे एक बेट आपल्या अगदी दाराशी आहे. गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने सुमारे तासाभरात आपण घारापुरीला पोचतो. या लहानशा बेटाविषयी गेली जवळजवळ पाचशे वर्षे कुणी ना कुणी लिहीत आला आहे. एका जागेचे इतक्या पिढ्यांनी केलेले वर्णन एकापुढे एक ठेवले की, मार्गदर्शिका कुठे विश्वासाला पात्र ठरतात आणि कुठे पाय घसरतो, हे आपोआप दिसू लागते.

या बेटाचे पहिले लेखक हौशी प्रवासी नव्हते. ते दर्यावर्दी आणि दरबारी लोक होते. १५३४ सालच्या डिसेंबरात गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना दिला. त्यानंतर चार वर्षांनी, १५३८-३९ मध्ये, जुआंव द कास्त्रू हा पुढे व्हाइसरॉय झालेला गृहस्थ आरमाराबरोबर गोव्याहून दीवला गेला, आणि वाटेतल्या किनाऱ्याची एक वही त्याने तयार केली. बंदर कुठे, नांगर कुठे टाकावा, अशी ती खलाशांची वही. अशा वहीत एक आकडा चुकला तर गलबत खडकावर जाते. त्यामुळे लिहिणाऱ्याचा हात मोजूनमापून चालतो. कास्त्रूने घारापुरीच्या लेण्याचेही वर्णन त्याच शिस्तीने केले. मार्गदर्शिकांचे मूळ कुळ हे आहे: जिवाच्या भीतीने खरे लिहिणारे.

दुसरा साक्षीदार गार्सिया द ऑर्ता हा वैद्य. औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात ओघाओघात तो लेण्यांकडे वळतो. आपण १५३४ साली पोर्तुगालहून आलो तेव्हा हे लेणे पाहण्यासारखे होते, पण पुढे आत शिरणाऱ्या गुरांनी त्याची फार नासधूस केली, अशी त्याची तक्रार आहे. हे काम चिन्यांचे असावे असे काही लोक म्हणतात, तेही तो नोंदवून ठेवतो.

तिसरा साक्षीदार दियोगु द कोतू, पोर्तुगिजांचा बखरकार. सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने लिहून ठेवले की, लेण्याच्या दारावर अक्षरे कोरलेला एक शिलालेख होता. तो काढून पोर्तुगालच्या राजाकडे, तिसऱ्या जुआंवकडे, पाठवण्यात आला. राजाने वाचणारा शोधला, पण कुणालाच तो वाचता आला नाही. पुढे ती शिळा कुठे गेली याचा पत्ता लागत नाही. लेण्यातल्या मूर्तींचा शिपायांनी विध्वंस केला, हेही कोतूच सांगतो.

आता गंमत पाहा. आज आपण घेतो त्या बहुतेक पुस्तकांत एक वाक्य ठरलेले असते: पोर्तुगीज शिपायांनी मूर्तींवर नेमबाजीचा सराव केला आणि त्या भंगल्या. गुरांचे नाव क्वचितच कुठे निघते. दोन साक्षी समोर असताना पुस्तकांनी एक उचलली आणि दुसरी गाळली, कारण बंदुकीची गोष्ट सांगायला रंगतदार आहे आणि गुरांची नाही. खुद्द पोर्तुगीज बखरकारानेच आपल्या शिपायांवर आरोप केला असल्यामुळे तो झटकून टाकता येत नाही. परंतु पुष्कळ शिल्पांत खालचाच भाग, म्हणजे पाय आणि त्यांच्याजवळच्या लहान मूर्ती, अधिक गेला आहे, हेही डोळ्यांनी दिसते. दोष दोघांचा असावा, शिवाय पाण्याचा आणि खाऱ्या वाऱ्याचाही. शत्रूच्या माथी सगळे फोडून मोकळे झाले की, आपल्याच दुर्लक्षाचा हिशेब कुणी मागत नाही. मुलांना लेणी दाखवायला नेणाऱ्या आम्हां शिक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ज्या हत्तीवरून पोर्तुगिजांनी या बेटाचे ‘एलिफंटा’ असे बारसे केले, त्याची हकीकत तर मार्गदर्शिकांना चांगलाच धडा देणारी आहे. बेटाच्या दक्षिण बाजूला, जुन्या धक्क्याजवळ, काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती उभा होता. लांबी सुमारे १३ फूट, उंची ७ फुटांहून थोडी अधिक. येणारा प्रत्येक प्रवासी त्याचे वर्णन करी. त्याच्या पाठीवर कुणाला पिल्लू दिसले, कुणाला वाघ. १६९० च्या सुमारास आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या पाद्र्याने जवळच्या एका दगडी घोड्याचीही नोंद केली. पुढे त्या घोड्याचा मागमूस राहिला नाही. हत्तीचे डोके आणि मान १८१४ साली गळून पडली. १८६४ साली तो उचलून इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून १९१४ साली जोडण्यात आले. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. म्हणजे बेटाला ज्याने नाव दिले तोच बेटावर नाही! जुन्या पुस्तकाच्या भरवशावर हत्ती शोधत फिरणारा प्रवासी रिकाम्या हाताने परत येणार, आणि लहानपणी राणीच्या बागेत त्या दगडी हत्तीवरून नजर फिरवून पुढे गेलेल्या कैक मुंबईकरांना त्याचे गाव ठाऊक नसणार.

एकोणिसाव्या शतकात मार्गदर्शिका हा स्वतंत्र धंदाच झाला. लंडनच्या मरे प्रकाशनाने १८५९ साली मुंबई इलाख्याची मार्गदर्शिका काढली. ती ईस्टविक नावाच्या पंडिताने लिहिली होती. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटीने येणाऱ्या साहेबमंडळींची रीघ लागली. दोनच वर्षांनी, १८७१ साली, जेम्स बर्जेसने घारापुरीच्या लेण्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. बर्जेस हा खांब न् खांब मोजणारा माणूस. मधल्या त्रिमुखी मूर्तीची उंची त्याने सुमारे १८ फूट दिली आहे. आजच्या पुस्तकांत तीच कुठे १८, कुठे २०, कुठे त्याहूनही अधिक झालेली आढळते. मूर्ती वाढत नाही. आकडे मात्र एका पुस्तकातून दुसऱ्यात जाताना वाढतात. १८७५ साली इंग्लंडचे युवराज आले तेव्हा याच लेण्यात त्यांना मेजवानी देण्यात आली. शंकराच्या पुढ्यात मेजे मांडून जेवणे हे त्या काळच्या पाहुण्यांना वावगे वाटले नाही. प्रवासी काय वाचून येतो यावर तो काय पाहतो आणि कसा वागतो, हे अवलंबून असते ते असे.

मापांच्या बाबतीत बर्जेससारख्यांचे ऋण मोठे आहे. अर्थाच्या बाबतीत मात्र विद्वानही चकले. या त्रिमुखी मूर्तीला पिढ्यान् पिढ्या ‘त्रिमूर्ती’ म्हटले गेले. ब्रह्मा, विष्णू आणि महेश असे तिघे तिच्यात दाखवले गेले. १९१४ ते १९१६ या काळात गोपीनाथ राव यांचा हिंदू मूर्तिशास्त्रावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी ही मूर्ती एकट्या शिवाची, महेशमूर्ती, असल्याचे दाखवून दिले. तिची तीन मुखे म्हणजे एकाच देवाचे शांत, उग्र आणि कोमल भाव. अभ्यासकांनी हे मानले त्याला शंभर वर्षे होऊन गेली, तरी स्वस्त पुस्तकांतून आणि चित्रांखालच्या ओळींतून ‘त्रिमूर्ती’ अजून हटलेली नाही. छापलेली चूक दगडापेक्षा टिकाऊ असते.

आणि इथेच कोतूच्या एका नोंदीचे मोल कळते. हे लेणे बाणासुराने केले असे स्थानिक लोक सांगतात, असे त्याने लिहिले आहे. पुढच्या साहेबी पुस्तकांनी अशा कथांना खुळचट ठरवले. पण बाणासुर कोण? पुराणांतला शिवाचा परमभक्त. म्हणजे पंडित मंडळी चिनी कारागिरांच्या आणि शिकंदराच्या गप्पा करीत होती तेव्हा, काळ आणि कर्ता यांत चुकूनही, हे शिवाचे स्थान आहे हे गावकऱ्यांनी सोडले नव्हते. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरत होती.

काळाचा प्रश्न असाच हुलकावण्या देत राहिला. शिलालेख गेला, तिथेच पक्का पुरावा गेला. जुन्या पुस्तकांत लेणे आठव्या-नवव्या शतकात टाकलेले आढळते. पुढे बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची नाणी सापडली, शिल्पांची तुलना झाली, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्यांनी कलचुरींचा इतिहास उभा केला, आणि आता सहाव्या शतकाचा मध्य हा काळ बहुतेकांना पटतो. सन ६३४ च्या ऐहोळ शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीने पश्चिम समुद्रावरची ‘पुरी’ नौकांनी वेढल्याचे वर्णन आहे. नावाच्या सारखेपणावरून ती पुरी म्हणजे घारापुरीच, असे काही पुस्तके बेधडक सांगतात. अभ्यासकांत मात्र इतर जागांचीही नावे घेतली जातात. जिथे ‘बहुधा’ लिहावे तिथे ‘निश्चित’ लिहिणे ही मार्गदर्शिकांची जुनी खोड आहे.

मग ही पुस्तके टाकून द्यावीत काय? मुळीच नाही. सोमवारी लेणी बंद असतात, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, धक्क्यावरून चालल्यावर शंभरावर पायऱ्या चढायच्या असतात, ही माहिती म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाणाऱ्याला सोन्यासारखी आहे. पण असली माहिती लवकर शिळी होते. बेटावर रात्री जनित्रावर दोन-तीन तासच दिवे लागतात, हे जुन्या पुस्तकांतले वाक्य खरे होते. २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राखालून केबल आली आणि ते खोटे ठरले. इथे चूक पुस्तकाची नाही, ते न बदलता पुन्हा पुन्हा छापणाऱ्याची आहे.

त्या विजेच्या गोष्टीतच या पुस्तकांचा सर्वांत मोठा उणेपणा लपलेला आहे. १९८७ साली युनेस्कोने ही लेणी जागतिक वारशात घेतली. देशोदेशीच्या पुस्तकांतून मूर्तींची छायाचित्रे झळकली. पण शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर या तीन वस्त्यांत माणसे राहतात, मुंबईचे लखलखते दिवे समोर दिसत असताना स्वराज्याची सत्तर वर्षे ती रात्री अंधारात काढत होती, याला पुस्तकांत ओळभरही जागा मिळाली नाही. पुस्तकातला गावकरी फक्त पायऱ्यांवर वस्तू विकायला बसलेला असतो. ज्याच्या पूर्वजांनी शिवाची ओळख जपली, तोच आज बाजूच्या ओळीत जातो.

तेव्हा वाचकहो, या सुटीत बेटावर जाल तेव्हा पुस्तक जरूर न्या. वेळापत्रकासाठी ताजे न्या, मापासाठी मोजणाऱ्याचे वाचा, आणि ज्या वाक्यात कुणावर तरी सगळा दोष टाकलेला असेल तिथे क्षणभर थांबा. महेशमूर्तीपुढे गेल्यावर ते मिटून पिशवीत ठेवा, आणि मुलांना तिन्ही मुखांवरचे भाव स्वतः ओळखू द्या. परतीच्या लाँचला अवकाश असेल तर वस्तीत जाऊन एखाद्या आजोबांशी चार शब्द बोला. आणि मुंबईत परतल्यावर सवड काढून भायखळ्याला त्या हत्तीलाही भेटून या. त्याचे बेट त्याला परत देता येणार नाही, पण तो कुठला हे मुलांना सांगणे तरी आपल्या हाती आहे.