हर्टफर्डशायरमधील जमीनखरेदी आणि चार्टिस्ट भूमियोजना

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील ग्रामीण भूमी बहुतांशी मोठ्या जमीनदारांच्या हाती एकवटलेली होती. काउंटीत, म्हणजे परगण्यात, स्वतःची जमीन असणे हे केवळ उपजीविकेचे साधन नव्हते. राजकीय हक्कही तिच्याशी निगडित होता. ज्याच्या मालकीच्या जमिनीचे वार्षिक उत्पन्न किमान ४० शिलिंग असेल, त्याला परगण्याच्या मतदारसंघात मत देता येई. १४३० पासून चालत आलेला हा नियम १८३२ च्या सुधारणा कायद्यानेही मुख्यतः कायम ठेवला होता. भूमिहीन श्रमिकांनी वर्गणी काढून जमीन विकत घेण्याचे जे प्रयत्न या काळात केले, त्यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते.

१८४५ मध्ये लंडन येथे भरलेल्या चार्टिस्ट परिषदेने फर्गस ओकॉनर याची भूमियोजना स्वीकारली. प्रारंभी एका भागाची किंमत अडीच पौंड होती व ती आठवड्याला काही पेन्स याप्रमाणे फेडता येई. जमलेल्या निधीतून शेतजमीन घ्यावी, तिचे दोन, तीन व चार एकरांचे तुकडे पाडून त्यांवर घरे बांधावीत, सोडतीने ते सभासदांस द्यावेत आणि ती जमीन तारण ठेवून पुढील खरेदीसाठी पैसा उभारावा, असा हा क्रम होता. १८४६ मध्ये हर्टफर्डशायरमधील रिकमन्सवर्थजवळ १०३ एकरांचे हेरिंग्जगेट नावाचे शेत खरेदी करण्यात आले. त्याचे ३५ तुकडे पाडण्यात आले व १ मे १८४७ रोजी या 'ओकॉनरव्हिल' वसाहतीत पहिली कुटुंबे राहावयास आली. दोन एकरांच्या धारकास आरंभीच्या खर्चासाठी १५ पौंड, तर चार एकरांच्या धारकास ३० पौंड साहाय्य मिळे.

या खरेदीतील खरे वैगुण्य जमिनीच्या कसात नव्हे, तर खरेदीखतात होते. कंपनीची विधिवत् नोंदणी पूर्ण होऊ शकली नाही. त्यामुळे सहस्रावधी श्रमिकांच्या पैशाने घेतलेली जमीन कायद्याच्या दृष्टीने ओकॉनरच्या नावावर राहिली. आपण जमिनीचे धनी झालो, अशी वसाहतवाल्यांची भावना होती; कागदोपत्री मात्र ते खंड देणारे धारकच होते. सोडतीतही अडचण होतीच. सभासदांची संख्या सुमारे ७०,००० पर्यंत गेली, परंतु पाच वसाहती मिळून जेमतेम २५० जणांच्या वाट्याला जमीन आली.

१८४८ मध्ये कॉमन्स सभेच्या निवड समितीने चौकशी केली. कंपनीची घडण प्रचलित कायद्यात बसत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. हिशेब अव्यवस्थित आढळले. तथापि ओकॉनरने अपहार केल्याचे दिसले नाही. उलट, कंपनीच त्याचे तीन हजारांहून अधिक पौंड देणे लागत होती. अखेर १८५१ च्या कायद्याने कंपनीचे विसर्जन करण्यात आले.

याच सुमारास दुसरा एक मार्ग चोखाळला जात होता. १८४७ मध्ये जेम्स टेलर याने बर्मिंगहॅम येथे फ्रीहोल्ड भूमिसंस्था सुरू केली व पुढे रिचर्ड कॉब्डेन याने या चळवळीस पाठिंबा दिला. येथेही वर्गणीतून मोठे क्षेत्र घाऊक दराने घेऊन त्याचे तुकडे पाडले जात; परंतु प्रत्येक तुकड्याची मालकी सभासदाच्या नावे होई व तिच्याबरोबर परगण्यातील मताचा हक्कही त्याला लाभे. तुकडा पोट भरण्याइतका मोठा असण्याची आवश्यकता नव्हती. तो ४० शिलिंगांच्या कसोटीस उतरला म्हणजे पुरे.

दोन्ही प्रयत्नांत भांडवल श्रमिकांच्या व अल्प प्राप्तीच्या लोकांच्या बचतीचेच होते. एकाने त्यांना शेत दिले, पण मालकीचा लेख दिला नाही. दुसऱ्याने लेख दिला, परंतु तेवढ्या भूमीवर शेतकऱ्याचे जीवन उभे राहणे शक्य नव्हते. ओकॉनरव्हिलच्या अपयशाचे खापर केवळ गिरणी कामगारांच्या शेतीविषयक अज्ञानावर फोडणे म्हणूनच अपुरे ठरते. जमिनीची किंमत देणे आणि जमिनीचा धनी होणे या दोन क्रियांमध्ये कायद्याचे जे अंतर होते, ते ओलांडण्याचे साधन त्या श्रमिकांच्या हाती नव्हते.